पोप आपल्यामागचा पोप ठरवून जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोप फ्रान्सिस गेले त्या दिवसापासून पोप लिओ चौदावे बाल्कनीत येऊन उभे राहिले तोपर्यंत तुमच्या पेपरात या विषयावर जे जे आलं ते सगळं मी वाचलं, आणि आधी हे सांगते की एका मराठी पेपरने याला एवढी जागा दिली याचं मला खरंच खूप बरं वाटलं. मी कॅथलिक आहे, त्यामुळे हे दिवस माझ्यासाठी नुसत्या बातम्यांचे नव्हते. पण त्या सगळ्यात एक वाक्य परत परत येत होतं, कधी बातमीत, कधी लेखात, कधी चौकटीत, की मत देणाऱ्या १३३ कार्डिनलांपैकी, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी, १०८ जण फ्रान्सिस यांनीच नेमलेले आहेत म्हणजे पुढचा पोप कोण हे फ्रान्सिस आधीच ठरवून गेलेत, आता फक्त निवड झाल्याचा पांढरा धूर निघायचा बाकी. आकडा बरोबर आहे. त्यातून काढलेला अर्थ मात्र चूक आहे, आणि तो का चूक आहे ते नीट सांगावं म्हणून हे पत्र लिहायला बसले. जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

पोपच्या हातात केवढी सत्ता असते ते आधी बघा. जगभरचे बिशप तो नेमतो, चर्चचा कायदा तो बदलू शकतो, कार्डिनल कोणाला करायचं ते तोच ठरवतो आणि त्याच्या निर्णयावर वर कुठे अपील नाही. एवढं सगळं हातात असलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र करता येत नाही, आपल्यामागे कोण हे सांगता येत नाही. एकदा कोणी करून बघितलं नाही असंही नाही. सन ५३० मध्ये पोप फेलिक्स चौथे मरणाच्या दारात होते तेव्हा त्यांनी बोनिफेस नावाच्या आपल्या माणसाला पुढचा पोप म्हणून नेमून टाकलं, रोमच्या बहुतेक धर्मगुरूंनी ते मानलंच नाही, त्यांनी डायस्कोरस यांना निवडलं, एकाच वेळी दोन पोप झाले आणि डायस्कोरस थोड्याच दिवसांत वारले म्हणून ते भांडण मिटलं. पुढे त्याच बोनिफेसने आपल्यानंतर व्हिजिलियस यावा असं कागदावर लिहून घेतलं, पण तेही टिकलं नाही, त्याला ते मागे घ्यावं लागलं आणि तो कागद जाळून टाकावा लागला. दीड हजार वर्षं होत आली या गोष्टीला. आजच्या नियमात तर असं आहे की पोप जिवंत असताना त्याच्या नंतर कोण याबद्दल त्याला न विचारता आपसात बेत करायलासुद्धा कार्डिनलांना बंदी आहे, आणि मत देण्याच्या बदल्यात आश्वासन घेणं, अटी घालणं, करार करणं हे तर साफ मना आहे.

आता २१ एप्रिल २०२५ ला काय झालं ते बघू. ईस्टरचा दुसरा दिवस, सोमवार, सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी फ्रान्सिस गेले, वय ८८. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये ते ३८ दिवस रोमच्या जेमेली हॉस्पिटलमध्ये होते, दोन्ही फुफ्फुसांना न्यूमोनिया, आणि तरी आदल्या दिवशी ईस्टरला ते बाल्कनीत आले, आवाज फुटत नव्हता तरी आशीर्वाद दिला, मग गाडीतून चौकात लोकांमध्ये एक फेरी मारली. ती फेरी ज्यांनी टीव्हीवर बघितली त्यांना दुसऱ्या दिवशीची बातमी किती अवघड गेली असेल ते मी सांगायला नको. ती बातमी जगाला सांगितली कार्डिनल केविन फॅरेल यांनी, ते कॅमरलेंगो, म्हणजे पोप नसताना कारभार सांभाळणारे. तुमच्या चौकटीत होतं की कॅमरलेंगो चांदीच्या हातोडीने पोपच्या कपाळावर तीनदा ठोकतो आणि नावाने हाक मारतो. ही हातोडी खूप जुनी सांगोवांगीची गोष्ट आहे, आजच्या नियमात ती कुठेच नाही. डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून देतात, स्ट्रोक, कोमा आणि मग हृदय बंद पडणं असं या वेळी लिहिलं होतं, कॅमरलेंगो मृत्यूची अधिकृत नोंद करतो आणि पोपच्या खोल्यांना सील लावतो.

आणि इथून पुढे जे होतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर कुठेच फारसं आलं नाही. पोप गेला की व्हॅटिकनच्या जवळजवळ सगळ्या खात्यांच्या प्रमुखांची पदं त्याच क्षणी जातात. पंतप्रधानासारखं ज्यांचं काम, ते सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्डिनल पारोलिन, त्यांचंही पद गेलं. राहतात फक्त मोजके, कॅमरलेंगो, पापक्षमेच्या विशेष प्रकरणांचा प्रमुख, रोम शहराचं काम बघणारा व्हिकर, गरिबांना मदत पोचवणारा अधिकारी, असे. बाकी कारभार कार्डिनलांच्या सभेकडे येतो, पण त्यांनाही फक्त रोजचं आणि अडलेलं काम करता येतं, नवीन काहीही करता येत नाही. पोपच्या अधिकारातली गोष्ट कोणी केली तर ती रद्द. निवडणुकीचे नियम तर या काळात कोणाला हातही लावता येत नाहीत, सगळ्या कार्डिनलांनी एकमताने ठरवलं तरी नाही. पोपची अंगठी आणि शिसाचा शिक्का निकामी करतात, या वेळी ६ मे रोजी केला, ते यासाठी की मेलेल्या पोपच्या नावाने मागाहून कोणी कागद काढू नये. म्हणजे फ्रान्सिस यांच्या जवळची जी माणसं होती, ज्यांच्याबद्दल लिहिलं जात होतं की ते आता सूत्रं हलवणार, त्यांची सूत्रं त्या सोमवारीच काढून घेतली गेली होती. एवढी मोठी संस्था स्वतःहून हात बांधून घेऊन बसते, कोणाची जबरदस्ती नसताना, मला तरी हे फार मोठं वाटतं.

अंत्यविधीबद्दल थोडंच लिहिते कारण ते तुम्ही छान दिलं होतं. फक्त एक राहिलं. आधीच्या पोपना तीन पेट्यांमध्ये ठेवायचे, एकात एक, सायप्रस लाकूड, मग शिसं, मग ओक किंवा एल्म. फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये ते विधीच बदलून ठेवले होते, एकच लाकडी पेटी, आत जस्ताचं अस्तर, उंच चौथऱ्यावर देह ठेवायचा नाही, उघड्या पेटीतच दर्शन. २६ एप्रिलच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेनंतर, त्यांना व्हॅटिकनच्या बाहेर, रोममधल्या सांता मारिया मॅजिओरे या मारियामातेच्या चर्चमध्ये पुरलं, थडग्यावर फक्त एक शब्द, फ्रान्सिस्कुस. व्हॅटिकनच्या बाहेर दफन झालेले याआधीचे पोप म्हणजे लिओ तेरावे, १९०३ साली वारलेले. आणि त्या चर्चच्या पायऱ्यांवर शवपेटीची वाट बघत कोण उभं होतं तर बेघर माणसं, कैदी, स्थलांतरित, ट्रान्सजेंडर, हातात पांढरी गुलाबं घेऊन. आपल्या मरणाबद्दल जे ठरवायचं ते त्या माणसाने एवढं बारकाईने ठरवलं, पण ते आपल्या पेटीबद्दल आणि आपल्या जागेबद्दल. खुर्चीबद्दल नाही.

आता नियम कुठून आले त्याबद्दल. लोकांना वाटतं हे सगळं आभाळातून पडलेलं आहे, किंवा नाटकी परंपरा म्हणून चाललंय. तसं नाहीये, यातला एकेक नियम कुठल्या ना कुठल्या घोटाळ्यातून आलाय. पहिल्या हजार वर्षांत रोमचे धर्मगुरू आणि रोमचे लोक मिळून पोप निवडायचे आणि त्यात रोमची बडी घराणी, राजे, सम्राट हात घालायचे. १०५९ मध्ये पोप निकोलस दुसरे यांनी निवडीत मुख्य अधिकार कार्डिनलांना दिला. पण किती कार्डिनल हवेत हे पक्कं नव्हतं, म्हणून ११५९ मध्ये एका गटाने अलेक्झांडर तिसरे यांना निवडलं आणि दुसऱ्याने व्हिक्टर चौथे यांना, सम्राट व्हिक्टरच्या बाजूने, अलेक्झांडर यांना कित्येक वर्षं रोमच्या बाहेर काढावी लागली. मग ११७९ मध्ये याच अलेक्झांडर यांनी दोन तृतीयांश मतांचा नियम केला. तो आजही आहे, या वेळी १३३ मधली ८९ मतं लागत होती.

दरवाजे बंद करून निवडणूक घेण्याची गोष्ट तर व्हितेर्बो गावाची. १२६८ च्या नोव्हेंबरमध्ये पोप क्लेमेंट चौथे तिथे वारले आणि कार्डिनल जे भांडत बसले ते १२७१ च्या सप्टेंबरपर्यंत, जवळजवळ तीन वर्षं पोपच नाही. गावातले लोक इतके कंटाळले की त्यांनी कार्डिनलांना राजवाड्यात कोंडलं, जेवण कमी केलं, शेवटी वरचं छप्परही काढलं असं सांगतात. त्या काळात काही कार्डिनल वारले. आणि निवडला कोणाला, तर जो तिथे हजरही नव्हता, कार्डिनलही नव्हता, क्रूसेडबरोबर, म्हणजे धर्मयुद्धाच्या मोहिमेबरोबर, पार पॅलेस्टाईनमधल्या अक्रेला गेलेला होता, तो ग्रेगरी दहावा म्हणून पोप झाला. त्याने १२७४ मध्ये नियमच केला की कार्डिनलांना बंद ठेवायचं, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर फक्त ब्रेड, पाणी आणि वाइन. जेवणाचा भाग आता नाही, दरवाजा बंद करण्याचा राहिला.

१९०३ चं उदाहरण मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं. लिओ तेरावे गेल्यावर कॉन्क्लेव्हमध्ये, म्हणजे या बंद दाराआडच्या निवडणुकीत, कार्डिनल राम्पोला यांना बरीच मतं पडत होती, तेवढ्यात क्राकोवच्या कार्डिनल पुझिना यांनी उभं राहून ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा नकार वाचून दाखवला. तेव्हा काही कॅथलिक राजे असा नकार देण्याचा आपला हक्क समजायचे. शेवटी निवडले गेले सार्तो, पायस दहावे. म्हणजे त्या नकारामुळे वाट मोकळी झाली ती यांची. आणि यांनीच पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, तो राजांचा हक्क कायमचा बंद केला, असा निरोप आणणाऱ्याला सरळ चर्चबाहेर काढण्याची शिक्षा ठेवली. तसंच अगदी अलीकडचं, जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ च्या नियमात लिहिलं होतं की खूप फेऱ्या होऊनही निवड झाली नाही तर कार्डिनल साध्या बहुमतावरही येऊ शकतात. त्याच नियमाखाली २००५ मध्ये निवडून आलेले बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये ती सूट काढून टाकली आणि कितीही फेऱ्या झाल्या तरी दोन तृतीयांशच हवेत असं केलं. ज्या दाराने आपण आत आलो ते दार पुढच्यासाठी आणखी अरुंद करायचं, हे माणसाला सहज सुचत नाही हो. आपल्याला फायदा झाला तर आपण नियम तसाच ठेवतो. म्हणून मला या माणसांबद्दल आदर वाटतो, त्यांच्या बाकीच्या गोष्टी पटोत न पटोत.

आता १०८ च्या आकड्याकडे येते. नेमणाऱ्याच्या मनासारखंच मत देतात हे इतिहासात खरं ठरलंय का? १९५८ मध्ये पायस बारावे गेले तेव्हा मत देणारे बहुतेक कार्डिनल त्यांनीच नेमलेले होते. त्यांनी निवडलं रोन्काली यांना, वय ७६, सगळ्यांना वाटलं म्हातारे आहेत, चार वर्षं शांतपणे काढतील, मधला काळ जाईल. तीन महिनेही झाले नव्हते तर जॉन तेविसावे झालेल्या या म्हाताऱ्या माणसाने २५ जानेवारी १९५९ ला जाहीर करून टाकलं की जगभरच्या बिशपांची महासभा बोलावतोय. दुसरी व्हॅटिकन महासभा. आज जगभर मिस्सा लोकांच्या आपापल्या भाषेत होते, इतर धर्मांबद्दल चर्च आदराने बोलतं, ते सगळं त्या महासभेनंतरचं. पायस बारावे यांनी हे सगळं ठरवून ठेवलं होतं असं कोणी म्हणू शकत नाही.

२०१३ तर डोळ्यांसमोर घडलंय. त्या वेळचे ११५ च्या ११५ कार्डिनल जॉन पॉल दुसरे किंवा बेनेडिक्ट सोळावे यांनीच नेमलेले. एकही बाहेरचा नाही. आणि त्यांनी १३ मार्चला पाचव्या फेरीत निवडलं बर्गोलिओ यांना, म्हणजेच फ्रान्सिस यांना, पहिला लॅटिन अमेरिकन, जेझुइट संघाचा पहिला पोप, जो पोप झाल्यावर राजवाड्यात राहायला गेला नाही, गेस्ट हाऊसमध्येच राहिला, ज्याने रोमबाहेरचा पहिला दौरा केला तो लाम्पेदुसा बेटाचा, जिथे समुद्रातून येणारे निर्वासित बुडून मरत होते. तुमच्या लेखातला हिशोब २०१३ ला लावला असता तर फ्रान्सिस निवडूनच आले नसते. मग तोच हिशोब २०२५ ला कसा लावता येईल?

नेमणुकीला काहीच अर्थ नाही असं मला म्हणायचं नाहीये. अर्थ आहे, पण वेगळा. फ्रान्सिस यांनी खोलीत कोण बसणार ते बदललं. मिलान, व्हेनिस, पॅरिस, लॉस एंजेलिस इथल्या आर्चबिशपना लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद, मिळणार हे लोक धरून चालायचे, तिथल्या आत्ताच्या आर्चबिशपना ती त्यांनी दिली नाही, आणि टोंगाला दिली, मंगोलियाला दिली जिथे सगळे मिळून दीड हजारच्या आसपास कॅथलिक आहेत, म्यानमारला दिली. आपल्याकडचेही चार जण या वेळी मत द्यायला होते, गोव्याचे फेर्राव, हैदराबादचे पूला, केरळचे क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्ये काम करणारे कूवकाड. याचा परिणाम असा झाला की बहुतेक कार्डिनल एकमेकांना ओळखतच नव्हते. जे एकमेकांना ओळखत नाहीत त्यांना कोणी गेलेला माणूस वरून चालवू शकत नाही, त्यांना आधी एकमेकांचं ऐकावं लागतं.

आणि ते ऐकण्याचं काम कॉन्क्लेव्हच्या आधी होतं, धूर निघण्याच्या कितीतरी आधी. पोप गेल्यापासून रोज सकाळी कार्डिनलांच्या बैठका होतात, त्यात ८० च्या वरचे पण बसतात, बोलतात, फक्त पुढे मत देता येत नाही. ८० ची ही अट १९७० मध्ये पॉल सहावे यांनी घातली. चर्चसमोरचे प्रश्न काय, पैशांची स्थिती काय, लहान मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं, युद्धं, यावर एकेक जण उठून बोलतो. २०१३ मध्ये बर्गोलिओ याच बैठकीत तीन-चार मिनिटं बोलले, चर्च स्वतःतच गुंतून राहिलं तर आजारी पडतं, त्याने बाहेर पडून कडेकडेच्या माणसांपर्यंत गेलं पाहिजे असा त्याचा सूर होता. क्यूबाचे कार्डिनल ओर्तेगा यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते लिहून मागितलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. त्या निवडीत त्या चार मिनिटांचा वाटा फार मोठा होता असं तेव्हा तिथे असलेल्या कार्डिनलांनीच पुढे सांगितलंय. या वेळीही दोन आठवडे असंच चाललं होतं आणि त्या काळात आपल्या पेपरांतून काय येत होतं तर बेटिंगचे भाव, पारोलिन किती, टागले किती. १५९१ मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी पोपच्या निवडीवर पैज लावणाऱ्याला चर्चबाहेर काढण्याचा हुकूम काढला होता, म्हणजे हा आजार जुना आहे हे मान्य, पण तो आपण छापावा का? मला ते वाचताना वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं, कारण त्या वेळी कोट्यवधी लोक प्रार्थना करत होते.

मतदान कसं होतं तेही थोडं सांगते कारण माझ्या म्हणण्याला ते लागतं. ७ मे रोजी कार्डिनल सिस्टिन चॅपेलमध्ये गेले, बायबलवर हात ठेवून एकेकाने शपथ घेतली, बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लागलं. फोन नाही, पेपर नाही, सिग्नल बंद, स्वयंपाकी, ड्रायव्हर, नर्स सगळ्यांना गुप्ततेची शपथ. मतपत्रिकेवर नाव लिहायचं तेही शक्यतो अक्षर ओळखू येणार नाही असं. मग एकेक कार्डिनल घडी घातलेली चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरून वेदीपर्यंत चालत जातो, समोर भिंतभर मायकेलअँजेलोचं अंतिम न्यायाचं चित्र, आणि तिथे मोठ्याने म्हणतो की जो माझा न्याय करणार आहे त्या ख्रिस्ताला साक्षी ठेवून सांगतो, देवासमोर जो निवडला जावा असं मला वाटतं त्यालाच माझं मत देतोय. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने हे म्हणायचं. तीन जण मोजतात, नाव मोठ्याने वाचतात, चिठ्ठी सुईने टोचून दोऱ्यात ओवतात, दुसरे तीन जण ती मोजणी परत तपासतात, आणि मग चिठ्ठ्या जाळतात. धुराचा रंग आता केमिकल घालून पक्का करतात, आणि तरी गोंधळ नको म्हणून २००५ पासून पांढऱ्या धुराबरोबर घंटाही वाजवतात.

ती शपथ जो माणूस म्हणतो त्याच्या डोक्यात मला कोणी नेमलं हे असेलही, माणूस आहे. पण त्याला नेमणारा तर देवाघरी गेलाय, त्याने कोणाला मत दिलं हे कोणाला कधी कळणार नाही, त्याला कोणाकडून काही मिळणार नाही आणि कोणी काही काढूनही घेणार नाही. कार्डिनलपद निवडणुकीनंतरही राहतंच. यापेक्षा मोकळं मत कुठे असतं ते मला सांगा. ही गुप्तता लोकांना खटकते, मला खटकत नाही. इथे लपवण्यासाठी दार बंद केलेलं नाही, बाहेरचा सम्राट परत आत येऊ नये म्हणून केलंय.

८ मेच्या संध्याकाळी चौथ्या फेरीनंतर पांढरा धूर निघाला. कार्डिनल माम्बर्ती यांनी नाव सांगितलं, रॉबर्ट फ्रान्सिस प्रीव्होस्ट, शिकागोत जन्मलेले, ऑगस्टिनियन संघाचे, आयुष्यातली कितीतरी वर्षं पेरूत मिशनरी म्हणून आणि मग चिक्लायोचे बिशप म्हणून काढलेले, त्या देशाचं नागरिकत्वही घेतलेले. आता कोणी म्हणेल की बघा, यांनाही फ्रान्सिस यांनीच २०२३ मध्ये रोमला बोलावलं, बिशप निवडीचं खातं दिलं, कार्डिनल केलं, म्हणजे आमचंच खरं झालं. बोलावलं हे खरंच आहे. पण त्या खोलीत फ्रान्सिस यांनी बोलावलेले आणखी १०७ जण होते, त्यातले कितीतरी एकमेकांपासून अगदी वेगळ्या विचारांचे, त्यातून हेच का हे फ्रान्सिस सांगून गेले नव्हते. पहिल्याच संध्याकाळी लिओ बाल्कनीत आले ते लाल केप घालून, जी फ्रान्सिस यांनी घातली नव्हती. पहिलं वाक्य तुम्हा सर्वांना शांती असो. आणि नाव घेतलं लिओ, ते का हे दोन दिवसांनी कार्डिनलांना स्वतःच सांगितलं, लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कारखान्यांतल्या कामगारांच्या हक्कांवर जे पत्र काढलं त्याची आठवण म्हणून, आणि आज आर्टिफिशियल इंटेलिजन्समुळे माणसाच्या श्रमासमोर तसाच प्रश्न उभा आहे म्हणून. ते फ्रान्सिस यांचा आदर करतात हे दिसतंच आहे. पण दुसरे फ्रान्सिस होण्यासाठी त्यांना कोणी निवडलेलं नाही.

एवढं कौतुक केलं म्हणून यात मला काहीच खटकत नाही असं समजू नका. एक गोष्ट खूप खटकते आणि ती मी बाई म्हणून सांगते. फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रॅम्बिला यांना व्हॅटिकनच्या एका मोठ्या खात्याचं प्रमुख केलं, असं खातं सांभाळणारी पहिली बाई. मार्चपासून सिस्टर राफाएला पेट्रिनी व्हॅटिकन शहराच्या कारभाराच्या प्रमुख. २०२३ च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सल्लागार सभेत, बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. आणि पोप गेल्याबरोबर ज्या बैठका सुरू होतात, जिथे चर्चसमोरचे प्रश्न कोणते हे बोललं जातं, तिथे एकही बाई नाही, कारण तिथे फक्त कार्डिनल बसतात. मत देण्याची गोष्ट सोडा, आधी बोलण्याची तरी घ्या. जगात जिथे जिथे चर्चच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत, निर्वासितांच्या छावण्या आहेत तिथे सिस्टर आहेत, त्यांना जे माहीत आहे ते त्या बंद खोलीत कोणी सांगायचं? हे काही श्रद्धेच्या गाभ्यातलं नाही की हात लावता येत नाही. मी वर एवढा इतिहास सांगितला तो यासाठीही, की कोण निवडणार, कोण बसणार, किती वयापर्यंत, किती मतांनी, हे सगळं पोपांनीच वेळोवेळी बदललंय. १०५९ ला बदललं, ११७९ ला बदललं, १९०४, १९७०, २००७, प्रत्येक वेळी कोणीतरी आधी म्हणालंच असेल की हे असंच चालत आलंय. त्या सकाळच्या बैठकांमध्ये काही सिस्टरना आणि चर्चचं काम करणाऱ्या साध्या बाप्यांना-बायांना बोलायला बोलवावं एवढा बदल लिओ चौदावे एका सहीने करू शकतात, आणि तो ते असतानाच व्हायला हवा, कारण एकदा पोप नसले की मग कोणालाच काही बदलता येत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. निवडून आले तेव्हा लिओ यांचं वय ७० च्या आत होतं, पुढचं कॉन्क्लेव्ह बहुधा खूप लांब असेल आणि तसंच असो. पण मधल्या काळात जेव्हा जेव्हा नवे कार्डिनल जाहीर होतील तेव्हा ती बातमी आतल्या पानावर दोन ओळीत टाकू नका. कोण आहेत, कुठून आले, तिथे काय काम केलं, ते द्या. आणि निवडीच्या नियमात लिओ काही बदल करतात का त्याच्यावर लक्ष ठेवा, असे कागद गाजावाजा न होता निघतात, फ्रान्सिस यांचे अंत्यविधीचे नियमही असेच निघाले होते. तेव्हा ते कोणी नीट वाचलेच नाहीत, आणि एप्रिलमध्ये सगळे विचारत होते की एकच पेटी का.

आपली,
एक नियमित वाचक